इंत्रुज, होळी आणि एक इटालियन प्रवासी

भोपाळच्या रायसेन रस्त्यावर आनंद नगर नावाची वस्ती आहे. माझी धाकटी बहीण लग्न होऊन तिकडे गेली, तिचे यजमान भेलच्या कारखान्यात नोकरीला होते. निवृत्तीच्या आधी त्यांनी आनंद नगरात लहानसे घर बांधले, पुढे अंगण, अंगणात एक कडुनिंब आणि बहिणीने हट्टाने लावलेली अबोली. गोव्याची अबोली भोपाळच्या उन्हाळ्यात होरपळते, हिवाळ्यात गारठते, तरी ती बाई दरवर्षी नवे रोप लावते. असो.

भावजी २०२४ च्या दिवाळीनंतर गेले. दहाव्या-बाराव्याला मी जाऊन आलो होतो. पुढे फेब्रुवारीत बहिणीचा फोन आला. म्हणाली, "दादा, होळीला ये. इथे मयताच्या घरी पहिल्या होळीला लोक येतात. मला एकटीला जमायचे नाही."

मला आधी कळलेच नाही. आमच्याकडे मयताच्या घरात वर्षभर सण नसतो. गोडधोड नाही, तोरण नाही, चवथीला माटोळी बांधली तरी कुणाच्या चेहऱ्यावर हसू नाही. आणि तिकडे म्हणे लोक होळीला मुद्दाम येतात! पण बहिणीने बोलावले म्हणजे जायला हवे. २०२५ चा इंत्रुज मंगळवारी, ४ मार्चला संपला. पणजीच्या रस्त्यावरचे रंगीबेरंगी कागदाचे कपटे अजून झाडून व्हायचे होते, तेव्हा मी गोवा एक्सप्रेसने भोपाळला निघालो.

गाडीत आणि नंतर आनंद नगरच्या त्या अंगणात बसून जे डोक्यात घोळत राहिले, ते वाचकांपुढे मांडतो आहे. बोलायचे आहे इंत्रुजाविषयी. पण वाट जरा वळणाची आहे, सांभाळून घ्यावे.

बहिणीच्या शेजारी एक निवृत्त मास्तर राहतात. मी गोव्याचा म्हटल्यावर त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "आपके यहाँ तो दो-दो होली होती है ना? एक ईसाइयों की, एक हिंदुओं की?" मी हसलो. टीव्हीवर त्यांनी चित्ररथ पाहिले होते. हसलो खरा, पण मास्तरांचे बोलणे अगदीच चुकीचे आहे का, याचा विचार करू लागलो.

कार्निव्हल म्हणजे काय, तर ख्रिस्ती लोकांच्या चाळीस दिवसांच्या उपासकाळाआधीचे खाण्यापिण्याचे, नाचगाण्याचे, सोंगांचे दिवस. राखेच्या बुधवारी उपासकाळ सुरू होतो आणि ईस्टरपर्यंत चालतो. रविवार धरायचे नसतात, म्हणून मोजायला गेले तर शेहेचाळीस दिवस भरतात. या काळात मांस वर्ज्य, लग्ने नाहीत, वाजंत्री नाही. 'कार्निव्हल' हा शब्दच मुळी इटलीचा, 'मांस बाजूला सारणे' अशा अर्थाच्या जुन्या शब्दावरून आलेला. आपला 'इंत्रुज' मात्र पोर्तुगीज 'एंत्रुदो'वरून आला, आणि त्याच्या मुळाशी लॅटिन 'इंत्रोइतुस' म्हणजे प्रवेश. कसला प्रवेश? उपासकाळातला. गंमत बघा, एका शब्दात निरोप आहे आणि दुसऱ्यात आगमन. दोन्ही शब्द एकाच उंबरठ्यावर उभे आहेत, एकाचे तोंड आत आहे, दुसऱ्याचे बाहेर.

आता पंचांगाकडे वळू. ईस्टर येतो २१ मार्चला किंवा त्यानंतर पडणाऱ्या पहिल्या पौर्णिमेनंतरच्या रविवारी. इंत्रुजाचा शेवटचा मंगळवार त्या रविवारच्या सत्तेचाळीस दिवस आधी. पौर्णिमेपासून दीड चांद्रमास मागे गेले की येते अमावास्या. म्हणजे इंत्रुज नेहमी अमावास्येच्या आसपास, काळोख्या रात्रींत येतो, आणि होळी येते पौर्णिमेला. माघातल्या अमावास्येच्या आदल्या दिवशी आपली महाशिवरात्र असते. म्हणून बहुतेक वर्षी आमच्याकडे शिवरात्र, इंत्रुज आणि शिगमो एकामागोमाग एक येतात. २०२५ मध्ये शिवरात्र २६ फेब्रुवारीला होती, इंत्रुजाचा मंगळवार ४ मार्चला आणि होळी १३ मार्चला. एखाद्या वर्षी अधिक मासामुळे हा हिशेब मोडतो. २०२३ त अधिक श्रावण झाला, तेव्हा पुढच्या वर्षी इंत्रुज १३ फेब्रुवारीलाच आटोपला आणि शिवरात्र यायला ८ मार्च उजाडला. पण एरवी या सणांची रांग ठरलेली. रोमच्या पाद्रींनी आणि आपल्या जोश्यांनी एकमेकांना न विचारता एकाच चंद्राकडे बघून दिवस ठरवले, त्याला ते तरी काय करणार!

मास्तरांना हे सांगितले तेव्हा ते खूश झाले. "मतलब पड़ोसी हैं," म्हणाले. सण शेजारी आहेत. मला हा शब्द आवडला.

या शेजाऱ्याचे मूळ घर इटलीत. तिथले तीन-चार कार्निव्हल जगभर प्रसिद्ध आहेत. व्हेनिसचा मुखवट्यांचा. पांढरा मुखवटा, काळा झगा, तिरकोनी टोपी घातली की सरदार कोण आणि न्हावी कोण हे ओळखता येत नसे. १७९७ साली नेपोलियनने व्हेनिसचे प्रजासत्ताक बुडवले, त्याबरोबर हा उत्सवही विझला, आणि एकशे ब्याऐंशी वर्षांनी, १९७९ साली तो पुन्हा उभा केला गेला. व्हियारेज्जो गावात १८७३ पासून रथांची मिरवणूक निघते. कागदाच्या लगद्याचे प्रचंड पुतळे करून राज्यकर्त्यांची खिल्ली उडवायची, ही तिथली रीत. इव्रेआत लोक एकमेकांना संत्री फेकून मारतात. मिलानात जुन्या संत अम्ब्रोजच्या परंपरेने उपासकाळ रविवारी सुरू होतो, म्हणून सगळ्या जगाचा कार्निव्हल मंगळवारी संपला तरी मिलानवाले शनिवारपर्यंत नाचतात.

पण जुना मोठा कार्निव्हल रोमचा. जर्मन कवी ग्योथे याने तो १७८८ साली पाहिला आणि त्यावर लिहिले. लांबच लांब सरळ रस्त्यावर बिनस्वाराचे घोडे पळवत. त्या शर्यतींवरूनच त्या रस्त्याला 'कोर्सो' हे नाव पडले. शेवटच्या रात्री प्रत्येकाच्या हातात मेणबत्ती असे आणि दुसऱ्याची विझवायची, आपली जपायची, असा खेळ चाले. ऐकायला किती गोड! पण याच रस्त्यावर, पोप दुसरा पॉल याच्या काळापासून, १४६६ पासून, शहरातल्या यहुदी लोकांनाही पळायला लावत. बाजूला उभे राहून लोक हसत. ही शर्यत पोप नववा क्लेमेंट याने १६६८ साली बंद केली. म्हणजे दोनशे वर्षे एका समाजाचा अपमान हा दुसऱ्या समाजाचा सण होता.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. कार्निव्हलविषयी लिहिणारे बहुतेक लोक लिहितात की त्या दिवसांत राजा रंक होतो, रंक राजा होतो, सगळे समान होतात. गोव्याविषयीही सांगतात की इंत्रुजात गोरे मालक तोंडाला काळे फासत आणि काळे गुलाम तोंडाला पीठ लावून मालकाची नक्कल करत. केली असेल. पण बुधवारी सकाळी तोंड धुतल्यावर मालक मालकच होता आणि गुलाम गुलामच. तीन दिवसांची मुभा देणाऱ्याच्या हातातच बाकीचे दिवस असतात. आपल्या शिमग्यातही काय वेगळे होते? शिव्या द्यायची मोकळीक होती, ती कुणाला आणि कुणाच्या दारात, हे गावाने ठरवलेलेच असायचे.

आता त्या इटालियन प्रवाशाकडे येतो. त्याचे नाव पिएत्रो देल्ला वाल्ले. रोमच्या खानदानी घरातला, जन्म १५८६ चा. तुर्कस्तान, पवित्र भूमी, इराक, इराण असे हिंडत तो १६२३ च्या आरंभी सुरतेला उतरला आणि त्याच वर्षी एप्रिलमध्ये गोव्यात पोहोचला. मधे इक्केरीच्या नायकाकडे जाणाऱ्या पोर्तुगीज वकिलातीबरोबर तो कानडी मुलुखातही जाऊन आला, मंगळूर, कालिकत पाहिले, आणि १६२४ च्या सुरुवातीला पुन्हा गोव्यात आला. त्याने मित्राला लिहिलेली पत्रे पुढे छापली गेली. सतराव्या शतकातला गोवा, तिथली घरे, चालीरीती समजून घ्यायला ती पत्रे आजही वाचावी लागतात.

तर १६२४ चा फेब्रुवारी. इग्नेशियस लॉयोला आणि फ्रान्सिस झेवियर यांना रोममध्ये १२ मार्च १६२२ रोजी संतपद मिळाले होते. ही बातमी समुद्रावरून यायची, तयारी व्हायची, त्यात वेळ गेला, आणि जुन्या गोव्यात जेझुइटांनी त्याचा मोठा सोहळा केला तो या फेब्रुवारीत. त्या वर्षी राखेचा बुधवार २१ फेब्रुवारीला होता, हे ईस्टरच्या गणितावरून काढता येते. म्हणजे नावाला हा संतांचा सोहळा, दिवस मात्र इंत्रुजाचे. रथ निघाले, विद्यार्थ्यांचे घोडेस्वार पथक वेगवेगळ्या खंडांतल्या लोकांच्या वेशात निघाले, वाजंत्री, दिवे, सोंगे, सगळे आले. आणि मोठ्या पोर्तुगीज लोकांनी घोड्यांवरून वेषांतराची मिरवणूक काढली, तिच्यात आमचा हा इटालियन पाहुणाही सामील झाला. वाळवंटातल्या अरब सरदाराचा वेश करून.

चित्र डोळ्यांपुढे आणा. रोमच्या कार्निव्हलमध्ये वाढलेला माणूस मांडवीकाठच्या राजधानीत अरब बनून घोड्यावर बसला आहे. अरबी त्याला येत होती, फारशी आणि तुर्कीही. बाकीच्यांसाठी ते सोंग होते, त्याच्यासाठी नव्हते. तो वेश त्याने त्या मुलुखात हिंडताना पाहिलेला होता, तिथल्या माणसांत तो राहिला होता.

आणि आणखी एक गोष्ट. १६१६ साली बगदादमध्ये त्याने एका पूर्वेकडच्या ख्रिस्ती मुलीशी लग्न केले होते. तिचे नाव सित्ती मआनी. इराणच्या प्रवासात ती त्याच्याबरोबर होती. १६२१ च्या डिसेंबरात, होर्मुझच्या जवळ मिनाब इथे ती तापाने गेली. देल्ला वाल्लेने तिला तिथे पुरले नाही. तिच्या देहाला मसाले भरून त्याने तो शवपेटीत ठेवला आणि सामानात लपवून बरोबर घेतला, कारण जहाजावर प्रेत आहे असे कळले तर खलाशी पाय ठेवू देत नाहीत. ती पेटी त्याच्याबरोबर हिंदुस्थानात आली. शेवटी १६२६ मध्ये तो रोमला पोहोचला आणि पुढच्या वर्षी आराचेली चर्चमध्ये आपल्या घराण्याच्या दफनस्थानी त्याने तिला मूठमाती दिली. पाचेक वर्षे हा माणूस आपल्या बायकोला घेऊन हिंडत होता.

म्हणजे त्या फेब्रुवारीत गोव्याच्या रस्त्यांवरून अरबाच्या वेशात जो हसरा स्वार गेला असेल, त्याचे दुःख त्याच्या सामानातच होते. हे मी अनेक वर्षांपूर्वी वाचले तेव्हा मला त्याचा राग आला होता. मनात म्हटले, हा कसला नवरा? बायकोला पुरलेले नाही आणि हा सोंगे काढतोय! आमच्या घरच्या रीतीने वाढलेल्या माणसाला दुसरे काय वाटणार?

आमच्या घरची रीत कुठून आली तेही सांगतो. माझे लहानपण सासष्टीत गेले. आमच्या वाड्यावर चार-पाच हिंदू घरे, बाकी सगळी ख्रिस्ती. इंत्रुजात खेळ यायचे. जमिनीवरचे खेळ म्हणत त्यांना. रंगमंच नाही, पडदा नाही, कुणाच्या तरी अंगणात घुमट आणि कासाळे वाजायचे, लोक गोल उभे राहायचे आणि गावातलीच माणसे सोंगे घेऊन नाटक करायची. भाटकार, विकार, मुंबईहून आलेला आगबोटीवरचा तारवटी, भांडखोर सासू, सगळे त्यात. बायकांची कामेही पुरुषच करायचे. पुढे हाच प्रकार रंगमंचावर गेला आणि 'खेळ तियात्र' झाला.

इथे जाता जाता आठवण. खुद्द तियात्राचा जन्मही या उपासकाळाच्या पलीकडच्या काठावर झाला आहे आणि त्यातही इटली आहेच. आसगावच्या लुकासिन्हो रिबेरो यांनी मुंबईत एका इटालियन ऑपेरा कंपनीचे खेळ पाहिले, तिच्यात काम मिळवले आणि त्यावरून कोंकणीत 'इटालियन भुरगो' रचले. ते पहिले तियात्र मुंबईत रंगमंचावर आले १७ एप्रिल १८९२ रोजी. तो ईस्टरचा रविवार होता. उपास संपला, वाजंत्रीवरची बंदी उठली आणि नाटक सुरू झाले. म्हणजे एका काठावर इंत्रुजाचे खेळ, दुसऱ्या काठावर तियात्र, मधे चाळीस दिवसांची शांतता.

तर त्या खेळांचे आम्हा पोरांना भारी आकर्षण. बाबांना मात्र पसंत नव्हते. ते पणजीला कारकून होते. पोर्तुगीज अमदानीत इंत्रुजाच्या दिवसांत रस्त्याने जाणाऱ्यावर पीठ किंवा भुसा भरलेल्या कागदाच्या पुड्या फेकायची चाल होती. 'कोकोत' म्हणत तिला. एकदा कचेरीतून परतताना बाबांच्या धुतलेल्या कोटावर अशी एक पुडी फुटली. फेकणारे गच्चीवर उभे राहून हसत होते आणि ते असे लोक होते की त्यांना उलट बोलता येत नव्हते. बाबा घरी आले, कोट झटकला, खुंटीला लावला. बोलले काहीच नाहीत. पण पुढे कधी इंत्रुजाचे नाव काढले की म्हणायचे, "तो त्यांचा सण. आपण दारात उभे राहू नये." आईने ही गोष्ट आम्हाला खूप उशिरा सांगितली. रोमच्या त्या शर्यतीविषयी वाचताना मला बाबांचा कोट आठवतो. दोन्ही अपमानांचे माप सारखे नाही, हे मला कळते. पण ज्याच्यावर पुडी फुटते त्याला माप घ्यायला वेळ नसतो.

मी आठ-नऊ वर्षांचा असेन, आजोबा वारले त्या वर्षी इंत्रुजात खेळवाले आमच्या वाटेने आले. घुमट लांबून ऐकू येत होते. आमच्या पेळेजवळ आल्यावर ते थांबले. कुणीतरी हाताने घुमटाचे तोंड झाकले, सोंगे घेतलेली ती सगळी माणसे खाली बघत, न बोलता आमच्या घरापुढून गेली आणि वळणावर पोहोचल्यावर पुन्हा वाजवू लागली. आई खिडकीत उभी होती. म्हणाली, "बरी माणसे." शेजाऱ्यांचा मान राखायची ती आमची रीत होती. दुःखाच्या घरापुढून आवाज न करता जायचे. बाबाही त्या दिवशी काही बोलले नाहीत.

मोठेपणी इंत्रुजाची दुसरी बाजू दिसली ती चांदरला. चांदर म्हणजे जुने चंद्रपूर, गोव्याच्या कदंबांची राजधानी. अकराव्या शतकाच्या मध्यास ती गोपकपट्टणाला, म्हणजे आजच्या गोवा वेल्याकडे हलली. १९२९ साली फादर हेरास यांनी इथे उत्खनन केले, शिवमंदिराचे अवशेष सापडले. मस्तक तुटलेला नंदी अजून तिथे बसला आहे. याच गावात इंत्रुजाच्या सोमवारी रात्री मुसळ खेळ होतो. गावचे ख्रिस्ती क्षत्रिय गावकर धोतर नेसून, पागोटी बांधून, हातात मुसळे घेऊन घुमटाच्या ठेक्यावर नाचत घरोघर जातात. मुसळ जमिनीवर आदळते तेव्हा पायाखाली हादरा जाणवतो. दुसऱ्या दिवशी जवळच्या कावोरीत हाच खेळ होतो.

परंपरा अशी सांगते की हा खेळ विजयनगरच्या हरिहराने चोळांवर मिळवलेल्या विजयाचा आहे. सनावळ्या बघायला गेलो तर अडखळायला होते. चोळांचे राज्य १२७९ च्या सुमारास संपले आणि विजयनगर उभे राहिले १३३६ मध्ये. मग हरिहराने चोळांना हरवले कसे? पण लोकांची आठवण बखरीसारखी चालत नाही. कुणीतरी आमच्या नगरावर चाल करून आले, ते उद्ध्वस्त झाले, पुढे कुणीतरी आम्हाला सोडवले, एवढे तिने धरून ठेवले. कदंबांच्या अखेरच्या काळात चंद्रपूर लुटले गेले हे खरेच आहे. आक्रमकाचे नाव बदलले असेल, हादरा बदलला नाही.

आता विचार करा. सोळाव्या शतकात सासष्टीतली देवळे पाडली गेली, देव अंत्रुजात गेले, माणसे बाटली किंवा परागंदा झाली. १५६० साली इन्क्विझिशन आले, ते मधला थोडा काळ सोडला तर १८१२ पर्यंत राहिले. १७३६ च्या जाहीरनाम्याने नवख्रिस्तींच्या लग्नातल्या, खाण्यापिण्यातल्या जुन्या रीतींवर बंदी घातली. या सगळ्यातून एका हिंदू राजाच्या विजयाचा नाच ख्रिस्ती गावकरांनी वाचवला. तो कसा वाचवला? मला वाटते, इंत्रुजाच्या झोळीत लपवून. वर्षातल्या ज्या तीन दिवसांत काहीही नाचले तरी पाद्री डोळेझाक करायचे, त्याच तीन दिवसांत तो नाच सरकवला. एरवी जे पाप ठरले असते, ते इंत्रुजात सोंग ठरले. याला कागदाचा पुरावा माझ्याकडे नाही, हा माझा तर्क आहे. पण मुसळ खेळ शिगम्याच्या ऐवजी इंत्रुजात का, याचे दुसरे उत्तर मला सुचत नाही.

म्हणून "तो त्यांचा सण" हे बाबांचे वाक्य मला पुढे म्हणता आले नाही. कोट त्यांचा मळला होता, त्यांना तसे म्हणायचा हक्क होता. मी चांदरला उभा राहून ते मुसळ ऐकले आहे.

आता आजच्या कार्निव्हलविषयी दोन शब्द. पोर्तुगीज राजवटीच्या शेवटच्या वर्षांत इंत्रुज मरगळला होता. १९६१ च्या डिसेंबरात गोवा मुक्त झाला आणि १९६५ साली तिमोतेओ फेर्नांडिस या संगीतकाराने ब्राझीलच्या रिओचा नमुना डोळ्यांपुढे ठेवून पणजीत चित्ररथांची मिरवणूक सुरू केली. किंग मोमो शनिवारी येतो, खा, प्या आणि मजा करा असे फर्मान काढतो. हा मोमो मुळात ग्रीकांचा थट्टेचा देव. पुढे मिरवणूक पर्यटन खात्याची झाली, दारू-सिगारेटच्या जाहिरातींचे रथ आले. चर्चने वेळोवेळी नाराजी दाखवली, म्हणाले हा आमचा सण नव्हे. हिंदूंतल्या काहींनी म्हटले, ही परक्यांची गुलामी. म्हणजे ज्या सणाला गोव्याची ओळख म्हणून जगभर दाखवतात, त्याला घरात घ्यायला कुणीच तयार नाही! व्हेनिसची गत थोडीफार अशीच आहे. १९७९ नंतर तिथे जग लोटले, आणि गावचे लोक गर्दीला कंटाळून त्या दिवसांत शहर सोडू लागले. माझ्यापुरते सांगायचे तर मी पणजीचे रथ बघतो, पण इंत्रुज शोधायला सासष्टीत जातो.

होळीच्या रात्री आनंद नगरच्या चौकात लाकडे रचली होती. मास्तर मला घेऊन गेले. होळी पेटली, लोकांनी गव्हाच्या ओंब्या भाजल्या, बायका विस्तव घरी घेऊन गेल्या. बहीण घरातच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही अंगणात सतरंजी अंथरली, भावजींचा फोटो खुर्चीवर ठेवला. बहीण पांढरी साडी नेसून बसली. मी बाजूला. आता कोण येणार, काय करणार, मला काही ठाऊक नव्हते. मनातून मी थोडा रागावलेलाच होतो. रंग कसला लावतात अशा घरात?

नऊच्या सुमारास फाटक वाजले. पहिले मास्तर आणि त्यांची बायको. मग भेलमधले भावजींचे सोबती, मग गल्लीतली माणसे, भाजीवाली, दोन रिक्षावाले. मोठ्याने कुणी बोलत नव्हते. प्रत्येकाने आधी फोटोला गुलालाची बोटे लावली, मग बहिणीच्या कपाळाला टिळा लावला, हात जोडले आणि सतरंजीवर बसले. मास्तरांच्या बायकोने बहिणीच्या गालालाही किंचित गुलाल लावला आणि तिला जवळ घेतले. बहीण चार महिन्यांत माझ्यापुढे रडली नव्हती. ती तेव्हा रडली.

मास्तर मला हळू आवाजात म्हणाले, "इसे गमी की होली कहते हैं। आज हम रंग न लगाएँ, तो इस घर में फिर त्योहार कैसे लौटेगा?" दुःखाच्या घरात सण आपणहून परत येत नाही, त्याला शेजाऱ्यांनी हाताला धरून आणावे लागते, अशी ही रीत. ज्याने आणायचे त्यानेच आधी टिळा लावायचा.

मी त्या सतरंजीवर बसलो होतो आणि मला घुमटाच्या तोंडावरचा तो हात आठवला. आमच्या वाड्यावरची माणसे दुःखाचा मान राखायला गप्प गेली होती. ही माणसे तो मान राखायला रंग घेऊन आली होती. दोन्ही रीती चांगल्याच. पण आमच्या घरात त्या वर्षानंतर सण परत आणायला कुणी आले नव्हते, तो आपोआप कधीतरी आला, आणि आई पुढे कितीतरी वर्षे सणाला हसताना आधी इकडेतिकडे बघायची, हे मला तिथे पहिल्यांदा उमगले.

आणि देल्ला वाल्लेही आठवला. त्याचा राग आता येत नाही. परक्या मुलुखात, बायकोची पेटी बरोबर असलेल्या त्या माणसाला कुणीतरी बोलावले असेल, चल, घोड्यावर बस, मिरवणुकीत ये. तो गेला. ज्या मुलुखात ती त्याच्याबरोबर हिंडली होती, तिथला वेश त्याने अंगावर घातला आणि गेला. त्याला सोंग म्हणावे की स्मरण, हे मी ठरवू शकत नाही.

दुपारी माणसे गेल्यावर बहिणीने तोंड धुतले. कपाळावरचा टिळा मात्र तसाच ठेवला. मास्तरांनी कालच्या होळीची राख कागदाच्या पुडीत बांधून दिली होती. गोव्याला नेण्यासाठी. नऊ दिवसांपूर्वी, राखेच्या बुधवारी, माझ्या वाड्यावरची माणसे चर्चमधून कपाळाला राख लावून घेऊन परतली असतील. ती राख गेल्या वर्षीच्या ईस्टरआधी आशीर्वाद दिलेल्या झावळ्या जाळून केलेली असते. मजा संपली, आता माणसाने आपण माती आहोत हे ध्यानात घ्यावे, एवढाच तिचा अर्थ. आणि आमच्याकडे होळीची राख लावायची ती धुळवड खेळायला. एकाकडे राख मजेच्या शेवटी, दुसऱ्याकडे मजेच्या सुरुवातीला. पण कपाळ तेच आणि राखही तीच.

ती पुडी मी परत आणली. सासष्टीतल्या आमच्या घरापुढच्या तुळशीत थोडी घातली आणि उरलेली बहिणीच्या अबोलीसाठी टपालाने परत पाठवायचा विचार होता. मग वाटले, टपालाने कशाला? पुढच्या होळीला मीच घेऊन जाईन.